दोन इंजिनं, एक डेक: यू-गी-ओच्या हायब्रिडला खर्च किती?

यू-गी-ओचा स्पर्धेत उतरवता येईल असा डेक जुळवायला दहा हजार रुपये पुरू शकतात आणि हायब्रिड केला तर चाळीस हजारही लागू शकतात. असे दोन डेक टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तर त्यांच्यातला फरक डझनभर कार्डांचा निघतो. सगळा पैसा त्या डझनात अडकलेला असतो. म्हणून खरेदीला निघण्याआधी ती कार्डं कोणती, ती महाग का आणि आपल्याला आत्ताच हवीत का, हे कागदावर मांडून बघावं. स्वतःच्या पगारातून खेळणाऱ्याला याचा उपयोग आहेच. शिवाय घरातला मुलगा किंवा मुलगी 'एका कार्डाला सात हजार' म्हणते तेव्हा काय बोलावं हे न सुचणाऱ्या आई-वडिलांनाही हा हिशेब करता यावा, अशा बेताने हे लिहिलं आहे. हिशेबासाठी डॉलर सरसकट 90 रुपये धरला आहे. खरेदीच्या दिवशीचा दर लावून आकडे बदलून घ्या.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काझुकी ताकाहाशी यांची मांगा 1996 मध्ये जपानमध्ये सुरू झाली. कोनामी कंपनीने 1999 मध्ये तिथे हा पत्त्यांचा खेळ आणला आणि 2002 पासून तो अमेरिका-युरोपात इंग्रजीतून खेळला जाऊ लागला. मुख्य डेक 40 ते 60 कार्डांचा, बाजूला जास्तीत जास्त 15 कार्डांचा एक्स्ट्रा डेक आणि स्पर्धेत दोन डावांच्या मधे बदलायला 15 कार्डांचा साइड डेक. एका नावाच्या तीनच प्रती चालतात. दुसऱ्या काही खेळांत जुनी कार्डं ठरावीक काळाने स्पर्धेतून बाद होतात. इथे तसं नाही. वीस वर्षांपूर्वीचं कार्डही आज चालतं, फक्त ते कोनामीच्या बंदी यादीत नको. खेळाडू तिला बॅनलिस्ट म्हणतात. खर्चाच्या दृष्टीने ही यादी फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

बहुतेक कार्डं एखाद्या कुळातली असतात. एका कुळाची कार्डं एकमेकांना हात देतात, एक दुसऱ्याला डेकमधून ओढून आणतं. अशा मोजक्या कार्डांच्या संचाला खेळाडू इंजिन म्हणतात. हायब्रिड डेक म्हणजे दोन कुळांची इंजिनं एकाच चाळीस कार्डांत बसवणं. 2022 च्या उत्तरार्धात टिअरलमेंट्स हे कुळ आणि इशिझू या पात्राची कार्डं यांची जोडी असाच धुमाकूळ घालत होती. खर्च समजून घ्यायला मात्र तिच्यापेक्षा चांगलं उदाहरण 2023-24 च्या हंगामातल्या स्नेक-आय आणि फायर किंग या जोडीचं आहे. तिचा एक अर्धा भाग अगदी स्वस्त होता आणि दुसरा डोळे पांढरे करणारा.

फायर किंग हे जुनं कुळ. डिसेंबर 2023 मध्ये त्याचा नवा स्ट्रक्चर डेक आला. स्ट्रक्चर डेक म्हणजे थेट खेळायला घेता येणारी तयार पेटी. आत काय आहे ते बाहेर छापलेलं असतं, नशिबाचा भाग नाही. तेव्हाची किंमत दहा-अकरा डॉलरांच्या आसपास. महत्त्वाच्या नव्या कार्डाची पेटीत सहसा एकच प्रत असते, म्हणून खेळाडू सरळ तीन पेट्या घेतात. तीन पेट्यांचे तेहतीस डॉलर, म्हणजे तीन हजार रुपये. एवढ्यात फायर किंगचा पूर्ण अर्धा भाग हातात आला.

स्नेक-आयची गोष्ट उलटी. हे कुळ ऑक्टोबर 2023 च्या एज ऑफ ओव्हरलॉर्ड या संचात अवतरलं आणि फेब्रुवारी 2024 च्या फँटम नाइटमेअर संचाने त्याला बळ दिलं. ही कार्डं बूस्टर पाकिटांतून यायची, जिथे आत काय निघेल ते नशिबावर असतं, आणि जी खरी कामाची ती वरच्या दुर्मीळ दर्जात छापलेली. डायाबेलस्टार द ब्लॅक विच, बॉनफायर आणि जवळजवळ प्रत्येक डेकच्या एक्स्ट्रा डेकमध्ये बसणारं एस:पी लिटल नाइट यांची एकेक प्रत त्या हंगामात पन्नास डॉलरच्या वर गेली होती. पन्नासच धरून हिशेब करा. बॉनफायर तीन, डायाबेलस्टार दोन, लिटल नाइट एक. सहा कार्डांचे तीनशे डॉलर, सत्तावीस हजार रुपये. यात खुद्द स्नेक-आय अ‍ॅशच्या प्रती अजून धरलेल्या नाहीत. एका अर्ध्याला तीन हजार आणि दुसऱ्यातल्या केवळ सहा कार्डांना सत्तावीस हजार.

मग लोकांनी ही जोडी जुळवली कशाला? कारण ती खरोखर जुळते. दोन्ही कुळं अग्नी गुणधर्माची. फायर किंगची कार्डं नष्ट झाली की कामाला लागतात. त्यांचं फायर किंग आयलंड हे मैदान-कार्ड हातातला किंवा मैदानावरचा आपलाच एक राक्षस, म्हणजे लढणारं कार्ड, नष्ट करून डेकमधून नवा फायर किंग हातात देतं. स्नेक-आय अ‍ॅश मैदानात आलं की डेकमधून पहिल्या पातळीचा अग्नी-राक्षस हातात आणून देतं. बॉनफायर हे चौथ्या किंवा खालच्या पातळीचा पायरो जातीचा राक्षस शोधून देणारं जादू-कार्ड, म्हणजे व्यवहारात अ‍ॅशच्याच आणखी प्रती. दोन्ही अर्धे स्वतंत्रपणे सुरू होऊ शकतात आणि एकत्र आले तर एकमेकांचं काम वाढवतात. हायब्रिडवर पैसे घालायचे की नाही, याची माझी कसोटी हीच आहे. प्रत्येक अर्धा एकट्याने सुरू होतो का? होत नसेल तर तो डेक स्वस्त असला तरी घेऊ नये.

याला गणिताचा आधार आहे आणि ते गणित फुकट आहे. पत्ते पिसून पाच कार्डं उचलायची. चाळीस कार्डांत एका कार्डाच्या तीन प्रती असतील तर त्यातली निदान एक पहिल्या हातात येण्याची शक्यता 33.8 टक्के, म्हणजे तीन डावांत एकदा. डाव सुरू करून देणारी नऊ कार्डं असतील तर ती 74.2 टक्क्यांवर जाते, बारा असतील तर 85.1 टक्क्यांवर. आता दोन हायब्रिड कल्पा. पहिल्यात एका कुळाची सहा आणि दुसऱ्याची सहा सुरुवातीची कार्डं आहेत, आणि कुठलंही एक आलं तरी डाव सुरू होतो. याचे 85 टक्के. दुसऱ्यातही सहा-सहाच आहेत, पण डाव सुरू व्हायला दोन्हीकडचं एकेक हातात लागतं. ही शक्यता जेमतेम 30 टक्के! कार्डांची संख्या तीच, खर्चही कदाचित तोच, पण दुसरा डेक दहापैकी सात वेळा ताटकळत बसणार. कागदावर देखणे दिसणारे कितीतरी हायब्रिड स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्यांत गळतात ते यामुळेच.

'दोन्ही इंजिनं बसत नाहीत, तर डेक साठ कार्डांचा करू' हा मोह टाळा. साठात तीन प्रतींची शक्यता 23.3 टक्क्यांवर घसरते, आणि शिवाय वीस जादा कार्डांचे पैसे जातात. साठ कार्डांचे डेक जिंकतात, नाही असं नाही. पण ज्यांच्या कुळालाच कबरस्तानात, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, जास्तीत जास्त कार्डं टाकून काम साधायचं असतं, अशांना ते शोभतं. नवख्याने चाळीसलाच चिकटून राहावं.

आणखी दोन अडचणी पैसे घालण्याआधी तपासायच्या. यू-गी-ओत आपल्या एका फेरीत साधा समन, म्हणजे हातातला राक्षस मैदानात उतरवण्याची नेहमीची चाल, एकदाच करता येतो. दोन्ही इंजिनांना सुरुवातीला तोच लागत असेल तर एकावर टाच येणारच. फायर किंगचे राक्षस बऱ्याच अंशी नष्ट होण्यातूनच मैदानात येतात, म्हणून साधा समन स्नेक-आयसाठी मोकळा राहतो. दुसरी अडचण अटींची. पुष्कळ कार्डांवर 'या फेरीत अमुकच गुणधर्माचे राक्षस आणता येतील' अशी ओळ असते. ती बारीक अक्षरं वाचल्याशिवाय जोडी ठरवू नका. या जोडीत दोन्हीकडे अग्नीच असल्याने तसली अट फारशी नडत नाही.

शिवाय प्रत्येक इंजिनात काही कार्डं अशी असतात की ती डेकमध्ये असायला हवीत, पण हातात यायला नकोत. जेम-नाइट गार्नेट या कार्डामुळे खेळाडू अशा सगळ्यांनाच गार्नेट म्हणतात. एका कुळाच्या डेकमध्ये असं एखादं खपून जातं. हायब्रिडमध्ये दोन इंजिनांची मिळून तीन झाली की मघाचाच आकडा उलटा लागतो. तीनपैकी एका डावात तुमच्या पाचांतलं एक पान मेलेलंच येणार. महागडं गार्नेट असेल तर त्याच्याशिवाय डेक चालतो का, हे आधी पाहावं. अनेकदा चालतो, आणि तेवढे पैसे वाचतात.

आता खरेदीचा मार्ग. बूस्टर पाकिटं फोडून डेक जुळत नाही. मुख्य संचाच्या बॉक्समध्ये 24 पाकिटं आणि पाकिटात 9 कार्डं असतात. बॉक्समधून सर्वसाधारणपणे दोन सीक्रेट रेअर, म्हणजे वरच्या दुर्मीळ दर्जाची कार्डं, निघतात, आणि संचात त्या दर्जाची दहाएक वेगवेगळी कार्डं असतात. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं नेमकं एक कार्ड सरासरी पाच बॉक्सांत एकदा. बॉक्स सत्तर-ऐंशी डॉलरांना धरला तर एका प्रतीसाठी साडेतीनशे ते चारशे डॉलर गेले. तेच कार्ड सुटं घेतलं तर महागातलं महाग असताना शंभराच्या आसपास पडतं. उरलेली कार्डं विकून पैसे वसूल होतील असं कोणी सांगेल. अमेरिकेत थोडेफार होतातही. आपल्याकडे खेळणारे इतके विखुरलेले आहेत की ती कार्डं बहुधा खोक्यातच राहतात. पाकीट फोडण्याची मजा मला कळते, ती जरूर घ्यावी, पण तो खर्च करमणुकीच्या खात्यात लिहावा. डेकसाठी स्ट्रक्चर डेक आणि सुटी कार्डं, बस.

सुट्या कार्डांचे भाव अमेरिकेसाठी टीसीजीप्लेअर आणि युरोपसाठी कार्डमार्केट या ठिकाणी रोज दिसतात. तिथून कार्ड मागवायचं नसलं तरी भाव पाहूनच इथल्या विक्रेत्याशी बोला. एकच कार्ड वेगवेगळ्या चकाकीत छापलेलं असतं. खेळात त्याने काडीचाही फरक पडत नाही, भावात मात्र दहापट पडू शकतो. म्हणून नेहमी सर्वांत साधी छपाई मागा. कार्डाच्या अवस्थेचंही तसंच. 'निअर मिंट' म्हणजे जवळपास कोरं, 'लाइटली प्लेड' म्हणजे थोडं हाताळलेलं. स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिक कव्हरमध्ये, घातल्यावर दोन्ही सारखीच खेळतात.

दोन इंजिनांखेरीज तिसरा गठ्ठा असतो तो सर्वसामान्य कार्डांचा, म्हणजे स्टेपल्सचा. प्रतिस्पर्ध्याच्या फेरीत हातातून खेळून त्याला अडवणारी हँड ट्रॅप्स त्यात मुख्य: अ‍ॅश ब्लॉसम अँड जॉयस स्प्रिंग, इफेक्ट व्हेलर, निबिरू. ट्रॅप-कार्ड असूनही हातातून टाकता येणारं इन्फिनिट इम्पर्मनन्सही याच कामाचं. हे माझ्या मते डेकमधले सगळ्यात शहाणे पैसे. इंजिन बदललं तरी ही कार्डं वर्षानुवर्षं तुमच्याबरोबर राहतात. वाट पाहणाऱ्याला ती स्वस्तातही मिळतात. अ‍ॅश ब्लॉसम 2017 मध्ये मॅक्सिमम क्रायसिस संचात आलं तेव्हा तीन प्रती घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. 2019 मध्ये ते सोलबर्नर या स्ट्रक्चर डेकमध्ये साध्या कॉमन दर्जात आलं. नोव्हेंबर 2023 च्या पंचविसाव्या वर्षाच्या रॅरिटी कलेक्शनमध्ये तर अनेक स्टेपल्स एकदम पुन्हा छापली गेली. साध्या छपाईत डझनभर स्टेपल्स पंचवीसेक डॉलरांत बसवता येतात, म्हणजे सव्वादोन हजार रुपये.

एक्स्ट्रा डेकमध्ये मात्र हात आखडता घ्या. पंधरा जागा आहेत म्हणून पंधराही महागडी कार्डं भरण्याची गरज नसते. तुमच्या डेकची नेहमीची चाल जिथे संपते ती सहा-सात कार्डं आधी घ्या. बाकीच्या जागा कधीमधी लागणाऱ्या स्वस्त कार्डांनी भरा. बारोन द फ्लूर हे कार्ड बराच काळ 'सगळ्या डेकांत लागतंच' म्हणून लोक घेत होते. एप्रिल 2024 च्या यादीत त्याच्यावर आणि बोरलोड सॅव्हेज ड्रॅगनवर बंदी आली. ज्याने आदल्या आठवड्यात वरच्या चकाकीतली प्रत घेतली असेल, त्याच्याकडे टीसीजीच्या, म्हणजे अमेरिका-युरोपच्या नियमांच्या, टेबलावर मांडता न येणारं एक सुंदर चित्र उरलं.

बॅनलिस्टचा धोका हायब्रिडला दुहेरी असतो, कारण दोन कुळांपैकी कोणावरही कुऱ्हाड पडू शकते. पण त्याची दुसरी बाजूही आहे, आणि स्वस्त-महाग जोडीच्या बाजूने माझं मत पडतं ते तिच्यामुळे. कोनामी बहुधा हात घालते तो हंगामात सर्वांत जोरात चाललेल्या, म्हणजेच सर्वांत महाग झालेल्या कार्डांना. स्नेक-आयवर निर्बंध आले तरी फायर किंगचा अर्धा भाग स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. तीन पेट्यांचा तो डेक मित्रमंडळींत आणि दुकानातल्या छोट्या स्पर्धांत मानाने खेळता येतो. म्हणून आधी तो अर्धा घ्या जो एकटाही डेक म्हणून उभा राहतो. दोन्ही अर्धे महाग असलेली जोडी फक्त त्याने घ्यावी ज्याची मोठी स्पर्धा दोन-तीन आठवड्यांवर आली आहे आणि जो ती खरंच जिंकण्याच्या बेतात आहे.

घाई नसेल त्याला आणखी एक मार्ग खुला आहे. नवा संच आल्यावर पहिले काही आठवडे भाव चढे असतात, मग माल बाजारात येतो तसे ते उतरतात. शिवाय दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास कोनामी पत्र्याच्या डब्यांत, म्हणजे टिनमध्ये, आधीच्या वर्षभरातल्या संचांची निवडक कार्डं पुन्हा छापते. पुनर्छपाई जाहीर झाली की सुट्या कार्डाचा भाव घसरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाग कार्ड घेऊन गणपतीत ते निम्म्याने मिळताना बघण्यापेक्षा तीन महिने थांबलेलं बरं. पण ज्या कार्डावर बंदी येण्याची कुजबुज आहे, ते पुनर्छपाईत स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

एकही रुपया घालण्याआधी डेक खेळून बघता येतो. जानेवारी 2022 मध्ये आलेला मास्टर ड्युएल हा कोनामीचाच अधिकृत डिजिटल खेळ मोबाइलवर आणि संगणकावर फुकट आहे. त्यात खेळता खेळता रत्नं मिळतात, शंभर रत्नांना एक पाकीट. नको असलेलं अल्ट्रा रेअर कार्ड मोडलं की 10 गुण आणि नवं तयार करायला 30 गुण, म्हणजे नको ती तीन मोडून हवं ते एक. पाकिटांच्या मागे न लागता, रत्नं साठवून एकच डेक ठरवा, एवढी एक शिस्त पाळलीत तर खिशाला हात न लावता महिनाभरात हायब्रिड उभा राहू शकतो. फरक एवढाच लक्षात ठेवा की तिथली बॅनलिस्ट वेगळी आहे. टीसीजीत बंदी असलेलं मॅक्स सी तिथे चालतं, आणि सामना एकाच डावाचा असल्याने साइड डेकचा सराव होत नाही. पण दोन इंजिनं जुळतात की एकमेकांच्या पायात येतात, हे वीस-तीस डावांत कळतं. घरी खेळायचं असेल तर कागदाच्या चिठ्ठीवर कार्डाचं नाव आणि परिणाम लिहून ती कुठल्याही जुन्या कार्डासमोर स्लीव्हमध्ये सरकवा. अधिकृत स्पर्धेत हे चालत नाही, पण मित्राबरोबर रविवारी दुपारी बसून सत्तावीस हजारांची सहा कार्डं आपल्या हाताला मानवतात का, हे तपासायला याहून चांगला उपाय नाही. कार्डांचा नेमका मजकूर कोनामीच्या न्यूरॉन या मोफत अ‍ॅपमध्ये मिळतो.

परदेशातून मागवताना कार्डाच्या भावापेक्षा टपालाचा आणि कराचा भाग जड होऊ शकतो. समजा, अर्ध्या डॉलरची दोन कार्डं मागवली आणि पाठवणावळ पंधरा डॉलर पडली, तर तुम्ही एका डॉलरचा माल सोळाला घेतलात. वर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार. म्हणून यादी पूर्ण होईपर्यंत मागणी नोंदवू नका, आणि मुंबई, पुणे, नाशिकचे चार मित्र मिळून एकत्र मागवा. अमेरिकेत किंवा युरोपात कोणी नातेवाईक असेल तर कार्डं त्यांच्या पत्त्यावर मागवून ते सुट्टीत येताना आणायला सांगणं सगळ्यांत सोपं. सत्तर कार्डं खिशात मावतात. फक्त त्यांना निघण्याच्या आदल्या दिवशी यादी पाठवू नका. कार्डं वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून सुटी सुटी येतात, त्यांना पंधरा-वीस दिवस लागतात.

जपानी आणि आशियाई इंग्रजी छपाईची कार्डं पुष्कळदा स्वस्त दिसतात. ती ओसीजी या वेगळ्या विभागाची. अमेरिका-युरोपच्या नियमांनी चालणाऱ्या टीसीजी स्पर्धेत ती चालत नाहीत. तुमच्या शहरातल्या स्पर्धेत कोणते नियम आणि कोणती कार्डं मानतात, हे आयोजकांना विचारून मगच छपाई ठरवा.

नकली कार्डांबद्दल आई-वडिलांनी विशेष सावध असावं. खेळण्यांच्या दुकानात आणि फुटपाथवर पन्नास-शंभर रुपयांत झगमगीत कार्डांचा गठ्ठा मिळतो. लहान मूल त्याने खुशाल खेळो, पण स्पर्धेत त्यातलं एकही चालणार नाही. अस्सल यू-गी-ओ कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात छोटा चमकता चौकोनी ठसा असतो, चित्राखाली उजवीकडे संचाचा संकेत आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात आठ आकडी क्रमांक. संचाचा संकेत न्यूरॉनवर त्याच नावाशी जुळतो का, ते पाहा. महागडं कार्ड ऑनलाइन घेताना पुढची-मागची दोन्ही बाजूंची, तिरप्या उजेडातली छायाचित्रं मागा. देत नसेल तर सौदा सोडा.

स्लीव्हमध्ये खूप जण फसतात. यू-गी-ओचं कार्ड 59 बाय 86 मिलिमीटर, पोकेमॉन आणि मॅजिक या खेळांच्या 63 बाय 88 पेक्षा लहान. मोठ्या मापाच्या स्लीव्हमध्ये ते डुगडुगतं. जपानी किंवा लहान मापाच्या मागा. त्या बहुतेक साठच्या पाकिटात येतात आणि तुम्हाला मुख्य 40, एक्स्ट्रा 15, साइड 15 मिळून सत्तर लागतात. म्हणजे एकाच रंगाची दोन पाकिटं एकदमच घ्या, नंतर तोच रंग मिळेलच असं नाही. चांगल्या स्लीव्ह पाकिटाला सहा ते नऊ डॉलर, दोन पाकिटांचे तेराशे-चौदाशे रुपये धरा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चकाकीचं कार्ड दमट हवेने वाकतं, आणि वाकलेलं कार्ड गठ्ठ्यात वेगळं ओळखू येत असेल तर परीक्षक ते खुणेचं कार्ड मानू शकतात. डेकच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका. साधी कॉमन छपाई इथेही सरस ठरते, ती फारशी वाकत नाही. खेळाची चटई, दुहेरी स्लीव्ह, चामड्याची डबी ही हौस, पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

आता बेरीज. तीन स्ट्रक्चर डेक तीन हजार, साध्या छपाईची स्टेपल्स सव्वादोन हजार, काटकसरीने भरलेला एक्स्ट्रा डेक सत्तावीसशे, स्लीव्ह साडेतेराशे. झाले 9,300. पाठवणावळ आणि कर धरून बारा हजारांची तयारी ठेवा. एवढ्यात एका कुळाचा पूर्ण, स्पर्धेला चालणारा डेक होतो. दुसऱ्या इंजिनाची महागडी सहा कार्डं त्या हंगामातल्या भावाने त्यावर घातली की बिल छत्तीस हजारांच्या पुढे जातं, टपाल आणि कर निराळे. मधला टप्पाही आहे. महागड्या कार्डाच्या तीनऐवजी एकच प्रत घ्यायची आणि उरलेल्या दोन जागी हँड ट्रॅप्स ठेवायची. डेक थोडा कमी वेळा सुरू होतो, पण प्रतिस्पर्ध्याला जास्त वेळा अडवतो. शहरातल्या छोट्या स्पर्धेत त्याने बरंच भागतं.

बजेट पंधरा हजारांच्या आत असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: एका कुळाचा स्वस्त डेक आणि चांगली स्टेपल्स घ्या, हायब्रिड मास्टर ड्युएलवर खेळा. त्याहून जास्त असेल तर दुसरं इंजिन जोडा, पण पुढची बॅनलिस्ट कधी येणार ते आधी बघा, आणि ती जाहीर होईपर्यंत पन्नास डॉलरांवरचं एकही कार्ड विकत घेऊ नका.